ओष्ठ्य

कायदा विभागाने मला तीन वाक्यं दिली आहेत.
मास्क लावलात तर आभारी राहीन.
सक्ती नाही.
न लावणाऱ्याला कारण विचारलं जाणार नाही.
चौथं वाक्य माझं मलाच सुचलं होतं,
ते घशात ठेवलं.
कंठ्य म्हणा हवं तर.

आयोवातला ऑगस्ट. खिडक्या जुन्या रंगाने चिकटून बसलेल्या,
पार्किंगच्या पलीकडे थेट मका.
अठ्ठावीस पोरं. मी मोजते, आता खोडच जडली आहे :
एकोणीस नीट,
पाच नाकाखाली,
तीन हनुवटीवर, दाढी उतरवून टांगल्यासारखे,
एक काहीच नाही.
शेवटची रांग, बियाण्यांच्या कंपनीची टोपी, कोल्बी ड्रीसन.
हजेरीला तो मान वर करतो
आणि अख्ख्या चेहऱ्यानिशी हजर असतो.

आजचा धडा ओठांचा. प, ब, म.
एकोणतीस वर्षं हा तास मी माझंच तोंड दाखवून घेतला,
त्या दिवसापुरती लिपस्टिक जरा गडद लावून.
आजही लावली होती.
वर मास्क.
फळ्यावर जबड्याचं चित्र काढलं,
ते नेहमीसारखं चहाच्या किटलीवर गेलं.

पहिल्या रांगेतून पा हुआ वांग म्हणाली,
प्रोफेसर, पण आम्ही बघायचं कुठे?
तिच्या निळ्या कापडाला दोनदा
आतून बारीकसा धक्का बसला.

वर्गात उघडं तोंड एकच होतं.

मी म्हटलं, कोल्बी, तुझी हरकत नसेल तर.
(हीसुद्धा विनंतीच. मला आता दुसरं काही येत नाही.)
सत्तावीस माना मागे वळल्या.
त्याने टोपी काढली, का कोण जाणे.
प, म्हणाला. ओठ मिटले, फुटले.
ब. कानांच्या पाळ्या लाल.
म. मिटलेलेच राहिले.
वरच्या ओठावर ब्लेडची ताजी चीर,
समोरच्या दाताचा कोपरा उडालेला,
कितीतरी महिन्यांनी आम्ही सगळे मिळून
कुणाचं तरी तोंड बघत होतो,
चोरून नाही, अभ्यास म्हणून.
पुन्हा, कुणीतरी म्हणालं.
त्याने पुन्हा केलं.
त्याचा हात तोंडाकडे निघाला होता,
अर्ध्या वाटेवर टोपीतच घुटमळला.

पा हुआ सगळ्यांत शेवटी पुढे वळली.
तिचे काका गावाबाहेरच्या मांसाच्या कारखान्यात
कापणीच्या रांगेवर उभे असत, खांद्याला खांदा.
कोल्बीच्या घरची डुकरं तिथेच जातात.
काका एप्रिलपासून कामावर नाहीत, एवढं ती मला बोलली आहे.
मग कुठे आहेत, ते मी विचारलं नाही.
ते दोघं एकमेकांना हे बोलले असतील असं वाटत नाही.

मग सगळ्यांना म्हटलं, म धरा.
आणि तो आला. अठ्ठावीस नाकांतून,
कापडाच्या आतून, बाहेरून,
जराही न बदलता.
प अडखळतो, ब ओला होतो,
म ला मास्क कळतच नाही.
पंख्याचं पातं हादरतंय की काय असं वाटलं.
मीच आधी थांबले. श्वास पुरेना.

तास सुटल्यावर तो दारात थांबला, दोन हात लांब
(टेपने आखलेल्या रेघेवर बरोबर, हे मला दिसलं).
म्हणाला, ब आणि म दोन्हींत ओठ सारखेच मिटतात,
मग कळतं कसं?
नाक धरून बघ, म्हटलं.
त्याने धरलं. म म्हणायला गेला, अडला.
डोळे एकदम लहान मुलासारखे.
'अरेच्चा' म्हणून निघून गेला.
मास्कचं मी काही बोलले नाही.
तीन वाक्यं सकाळीच संपली होती.

गुरुवारी आला. टोपी तीच.
तोंडावर फुकटच्या खोक्यातला कागदी मास्क,
नाकाखाली.
ओठ बंद, नाक मोकळं.

नियमाने ही चूक आहे, आणि विषाणूला
उच्चारशास्त्र शिकवता येत नाही, मला माहीत आहे.
त्याच्याकडे बघून मी नाकावर बोट ठेवलं. त्याने खांदे उडवले.
पा हुआ तेव्हा वहीत काहीतरी खोडत होती.
हजेरीपटात, त्याच्या नावापुढच्या चौकोनात,
पेन्सिलीने, म्हणजे पुसता येईल असं,
मी लिहिलं : म.